लांजेवार सर, नारळाचा वाद अजून मिटलेला नाही

सर, तुमच्या शोकसभेत जे बोललं गेलं त्यातलं निम्मं मला मान्य नाही. पण शोकसभेत उठून ‘मला मान्य नाही’ म्हणायची सोय नसते. मुख्याध्यापक म्हणाले, लांजेवार सर शांत स्वभावाचे होते. शांत? तुम्ही? स्टाफरूममध्ये तुमचा आवाज चढला की शेजारच्या आठवीची पोरं धडा वाचता वाचता थांबायची आणि कान लावून बसायची. मग ते म्हणाले, सरांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. माझं तर तुम्ही दर आठवड्याला दुखवत होता, आणि मीही तुमचं. शेवटी कुणीतरी ‘अजातशत्रू’ हा शब्द वापरला. मी मान खाली घालून हसू दाबलं. शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि मग खरंच रडू आलं.

नववीची पोरं मागे भिंतीला टेकून उभी होती. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही. तुम्ही असता तर आधी त्यांनाच बोलायला लावलं असतं, आणि आम्हा सगळ्यांना मागे उभं केलं असतं.

मी या शाळेत आले तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही तो सगळ्यांना सांगत फिरायचात. नागपूर शहरात, धरमपेठेत वाढलेली मी, काटोल रोडवरच्या संत्र्याच्या बागांमधली शाळा पहिल्यांदाच पाहत होते. विज्ञानाचा तास संपवून व्हरांड्यातून चालले होते, तर नववीच्या वर्गातून बाजारासारखा गलका. मला वाटलं, वर्गावर शिक्षक नाहीत. दार ढकलून आत गेले आणि ‘गप्प बसा!’ म्हणून ओरडले. वर्ग एकदम गार. बाकं समोरासमोर लावलेली, अर्धी पोरं इकडे, अर्धी तिकडे, आणि सगळ्यात मागच्या बाकावर पोरांमध्ये पोरासारखे तुम्ही. तुम्ही जागचे हलला नाहीत. म्हणालात, “या बापट मॅडम, बसा. इंग्रज जिंकून राहिले.”

मी बसले. काय करणार?

नागपूरचं भोसल्यांचं राज्य कंपनीनं खालसा केलं, त्यावर तो वाद होता. कोणी कोणत्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठीवर ठरायचं, आणि कंपनी सरकारची चिठ्ठी आली होती रोशनला. बारीक अंगाचा, खांद्यावरून शर्ट घसरणारा मुलगा. तो असा काही बोलला! “राजेसाहेबाइनं जितेपणी दत्तक घेतला होता का? नाही घेतला. मग मेल्यावर राण्याइनं घेतला तं कंपनीनं काहून मानाचा? कायदा म्हणजे कायदा.” तेव्हा समोरच्या बाजूच्या एकानं तोंडातल्या तोंडात ‘गद्दार’ म्हटलं, आणि रोशनचा चेहरा पडला. तुम्ही तेव्हा कुठे उठलात. म्हणालात, “तो गद्दार नाही, तो वकील आहे. त्याले शिव्या देनं सोपं आहे. उत्तर देनं कठीण आहे. उत्तर नसन तं जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडा.”

आणि पोरांनी खरंच उघडलं. डबे अर्धवट ठेवून, तेलाच्या बोटांनी. तो कायदा केला कुणी, ज्याचं राज्य जाणार त्याला विचारून केला का, हा मुद्दा एका मुलीनं सुट्टी संपताना शोधून काढला आणि रोशनसमोर नाचवला. मी इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकले, पण कुणाला तो भाकरीबरोबर खाताना पाहिलं नव्हतं.

तुमच्या वर्गात पोरं घरच्या भाषेत बोलायची, याचा अनेकांना त्रास होता. एकदा तपासणीला आलेले एक साहेब तुमच्या तासाला बसले. एक मुलगी उठून म्हणाली, “मले असं वाटते का ग्रामसभेत मोठ्याइनंच बोलावं असं कुठी लिहिलं नाही.” साहेबांनी तिला मध्येच थांबवलं. “मले नाही बाळ, मला.” मुलगी खाली बसली. तुम्ही हात जोडून, अगदी नम्रपणे विचारलंत, “साहेब, तिचा मुद्दा काय होता?” साहेब इकडेतिकडे पाहू लागले. तुम्ही म्हणालात, “ऊठ वं, साहेबाइले पुन्हा सांग. त्यायले ऐकू नाही आलं.” तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा ‘मले’ म्हणूनच. साहेब गेल्यावर मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावून काय ऐकवलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीतून बाहेर बघत गाणं गुणगुणत होता. बेसूर.

ती एसटी आपली खरी स्टाफरूम होती, नाही का? काटोल नाक्यावर सकाळी आपण चढायचो, आणि तुम्ही बसायच्या आधी वाद सुरू. कंडक्टर तिकीट देताना विचारायचा, “आज काय विषय सर?” इतिहास झाला, नागरिकशास्त्र झालं, की तुम्ही माझ्या विषयात पाय टाकायचात. विज्ञानातही वादविवाद घ्या, मॅडम. मी म्हणायची, विज्ञानात वाद नसतो, पुरावा असतो. गुरुत्वाकर्षणावर मतदान घ्यायचं का? विरोधी बाजू जिंकली तर आपण सगळे उडायचं का? कंडक्टर हसायचा. तुम्हीही हसायचात, पण हरायचा नाहीत. म्हणायचात, “पुस्तकातल्या विज्ञानावर नका घेऊ. पोरं घरी जे विज्ञान पाहून राहिले, त्याच्यावर घ्या.”

मी नाही म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलंत. असं बरेच दिवस चाललं. मग उन्हाळा तोंडावर आला, बागांचं पाणी कमी पडायला लागलं, गावात जिकडेतिकडे बोअर खोदायच्या गाड्या दिसू लागल्या. आणि नववीच्या पोरांनी स्वतःच विषय आणला. नारळावरून जमिनीतलं पाणी समजतं का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आपल्याकडे पाणी पाहणारे असतात. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून ते शेतातून चालत जातात. जिथं नारळ आपोआप उभा राहतो तिथं खाली पाणी, तिथं खोदायचं. आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या नावाला सगळ्यांत जास्त मान, ते पाणी पाहणारे आमच्याच नववीतल्या प्रांजलीचे आजोबा होते. तिचे आबाजी.

शेवटी मी माझा एक तास तुम्हाला दिला, आणि चिठ्ठी कशी निघावी पाहा. प्रांजलीला नारळाचीच बाजू आली. ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “तुम्ही रोज डब्यात जे संत्र आणता ना, त्या बागेचं पाणी माझ्या आबाजीनं दाखवलं. पाणी नसतं तं संत्र कुठून आलं? बोला!” वर्गानं बाकं बडवली. समोरून रोशन उठला. तो हळू बोलायचा, पण मुद्द्याचं बोलायचा. “जिथं पाणी लागलं त्या जागा सगळ्याइले माहीत आहे. जिथं नाही लागलं त्या कोणी मोजल्या?” इतका चांगला मुद्दा मी एमएस्सीच्या वर्गातही ऐकला नव्हता. पण बाकं वाजली नाहीत. शेवटी हात वर झाले, आणि नारळ मोठ्या फरकानं जिंकला.

त्या दिवशी एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. पार नागपूरजवळचा गोरेवाडा येईपर्यंत नाही. मग फुटलेच. “झालं समाधान? माझ्या विज्ञानाच्या वर्गात नारळ निवडून आला! आता ही पोरं घरी जाऊन सांगणार, शाळेत सिद्ध झालं म्हणून.” तुम्ही शेंगा सोलत होता. एक शेंग माझ्यापुढे केलीत आणि म्हणालात, “सिद्ध कुठं झालं? मतदान झालं. मतदान माझं काम होतं, ते मी केलं. आता सिद्ध करनं तुमचं काम. घ्या परीक्षा.”

ती परीक्षा मी जीव ओतून मांडली, सर. मैदानात प्लास्टिकचे ड्रम, वर सारखी झाकणं, सारखी चादर. कशात पाणी आणि कशात नाही हे फक्त चित्रकलेच्या बाईंना ठाऊक, आणि त्या ड्रम मांडून थेट स्टाफरूममध्ये जाऊन बसणार, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरूनही कुणाला काही कळायला नको. प्रत्येक फेरीत ड्रम बदलायचे. पोरांना मी हे सगळं का, ते समजावलं. रोशननं आणखी एक गोष्ट सुचवली. म्हणाला, आबाजी सांगतील त्याच्यासंगच मी एक नाणं उडवतो. छापा म्हणजे पाणी, काटा म्हणजे कोरडं. मग नारळाची आणि नाण्याची बरोबरी करू. मी त्याची पाठ थोपटली.

आबाजींना बोलवायला प्रांजलीच उड्या मारत गेली. तुम्ही तेवढं म्हणालात, “मॅडम, म्हातारा मानूस आहे.” मी म्हटलं, ते स्वतःच्या पायांनी येत आहेत. इथून आपल्या भांडणाची सुरुवात होते, असं मी धरते. तुम्ही कुठून धरत होता, ते आता विचारता येणार नाही.

आबाजी आले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, नारळ दुपट्ट्यात गुंडाळलेला. त्यांनी आधी शंका काढली. “मास्तरीणबाई, जमिनीतलं पाणी चालते, ड्रमातलं बसून राहते.” मी म्हटलं, बरोबर आहे, मग आधी उघड्या ड्रमजवळ करून पाहा, चालतं का ते. ते पाण्यानं भरलेल्या उघड्या ड्रमजवळ गेले, तळहात पुढे केला, आणि नारळ खरोखर उभा राहिला. हळूच, झोपलेल्या माणसानं उठून बसावं तसा. सगळ्या मैदानानं श्वास ओढला. मीसुद्धा. आबाजी म्हणाले, “चालते. घ्या परीक्षा.”

मग चादरी टाकल्या. फेरी, आणि फेरी, आणि आणखी एक फेरी. नारळ उभा राहायचा, फळ्यावर खूण व्हायची. रोशनचं नाणं उडायचं, दुसरी खूण. शेवटी चित्रकलेच्या बाईंनी येऊन प्रत्येक फेरीची लिहून ठेवलेली नोंद वाचली, आणि फळ्यावर जे दिसलं त्यात काही गूढ नव्हतं. नारळ जितका बरोबर निघाला, त्याच्यापेक्षा नाणं थोडं जास्तच बरोबर निघालं होतं.

कुणीतरी ओरडलं, “नाणं जितलं!” आणि पोरं हसली. वाईट मनानं नाही. पोरं हसतात तशी. पण सगळी.

आबाजी नारळाकडे पाहत होते. मग त्यांनी तो दुपट्ट्यात बांधला. प्रांजलीनं त्यांचा हात धरला आणि दोघं मैदानातून चालत निघून गेली. तिचं दप्तर वर्गातच राहिलं.

ती शाळेत येईनाशी झाली. पहिले काही दिवस मी म्हटलं, येईल. मग तुम्ही एक दिवस तिचं दप्तर खांद्यावर घेतलंत, आणि नुसतं “चला” म्हणालात. शाळा सुटल्यावर आपण त्यांच्या घरी गेलो. अंगणात आबाजी बाजेवर बसले होते. प्रांजली आतून पाणी घेऊन आली, तुमच्या हातातलं दप्तर घेतलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

तुम्ही इकडचं तिकडचं बोलत राहिलात. मला राहवलं नाही. म्हटलं, “आबाजी, तुम्हाला वाईट वाटलं का?”

ते म्हणाले, “परीक्षेचं नाही वाटलं बाई. म्या तुमच्या मैदानात हरलो, ते मले दिसलं. डोळे आहे मले. पोट्टे हासले, ते वाईट वाटलं. अन् तेही माह्यासाठी नाही. हे पोरगी उभी होती न तिथं.”

तुम्ही विचारलंत, “आता कोणी बोलावलं तं जासान का आबाजी, पाणी पाहाले?”

त्यांनी बाजेची सुटलेली दोरी आवळली. मग म्हणाले, “लोकं मले नारळासाठी बोलावते असं मले आधी वाटे. आता विचार करून राहिलो, तं वाटते, हिमतीसाठी बोलावते. खोदाच्या आधी कोनीतरी ‘हो, इथंच’ म्हणाले लागते. घरचा मानूस म्हणत नाही. सरकार म्हणत नाही. मंग मी म्हणतो.”

परतीच्या एसटीत मी म्हटलं, “पाहिलंत? त्यांनासुद्धा विचार करावा लागला. परीक्षा बरोबर होती.” आणि तुम्ही, ज्यांनी मला वर्षभर विज्ञानात वाद आणा म्हणून पिडलं होतं, ते तुम्ही म्हणालात, “चुकीची होती मॅडम. आपण वाद नारळासंग मांडला, अन् हरवला मानूस.”

मी म्हटलं, मग काय, माणसाला वाईट वाटेल म्हणून खरं सांगायचं नाही? तुम्ही म्हणालात, सांगायचं, पण नातीसमोर नाही, हसणाऱ्या पोरांसमोर नाही. मी म्हटलं, आडोशाला घेतलेली परीक्षा कोण मानेल? पोरांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून तर ती विसरणार नाहीत. उद्या यातलाच एखादा बाप होईल, बाग लावेल, तेव्हा कोरड्या जागी खोदायच्या आधी थांबेल. तुम्ही म्हणालात, “अन् दुसऱ्यावर हासाले शिकला असन तं?” मी म्हटलं, हसणं थांबवणं तुमचं काम होतं, वर्ग तुमचा. तुम्ही म्हणालात, ड्रम तुमचे होते. कंडक्टरनं त्या दिवशी विषय विचारला नाही.

तेव्हापासून तुम्ही नियम केलात. ज्यात वर्गातल्या कुणाचं घर सापडेल असा विषय घ्यायचा नाही. मला तो नियम पटला नाही, आजही पटत नाही. ज्यात कुणाचंच घर नाही असा विषय असतो कुठे?

प्रांजली परत आली ती एका शनिवारी, माझ्या तासाला, हात वर करूनच. “मॅडम, आबाजी खोटं नाही बोलत. मी घरी नारळ हातावर घेऊन पाहिला, तो उभा राहते. डोळे बांधून घेतला तं नाही राहत. काहून?”

सर, त्या ‘काहून’साठी मी तेव्हा पूर्ण तास दिला. दोऱ्याला किल्ली बांधून प्रत्येक पोराच्या हातात दिली. म्हटलं, हात अजिबात हलवू नका, फक्त मनात म्हणा, किल्ली खिडकीकडे जाते. आणि किल्ल्या झुलायला लागल्या. पोरं घाबरली, हसली, एकमेकांच्या हाताकडे बोट दाखवून ‘तू हलवून राहिला!’ म्हणून भांडली. मग मी सांगितलं की मन जे धरून बसतं ते हात इतकं हळू करतो की हातवाल्यालाही कळत नाही. प्रांजली बराच वेळ किल्लीकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे आबाजी नारळ हलवत नाही. आबाजीचं मन हलवते.”

मी म्हटलं, हो.

“मग ते खोटे नाही.”

म्हटलं, नाहीत.

“अन् नारळालेही काही समजत नाही.”

नाही.

तिनं मान हलवली आणि खाली बसली. रोशननं वळून तिला काहीतरी म्हटलं, आणि तिनं त्याच्या डोक्यात वही मारली. वर्ग पुन्हा ठीक झाला.

माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास तो. तुमच्या त्या मतदानातून आलेला. ज्या वादावरून मी तुमच्याशी गोरेवाड्यापर्यंत अबोला धरला होता, त्याच्या पोटातून निघालेला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही कंडक्टरला सांगितलं असतं, आणि कंडक्टरनं काटोलपर्यंत.

त्यानंतर दोन वर्षं आपण त्या बागेवरून जाताना तोच वाद घातला. प्रांजली दहावी होऊन नागपूरला कॉलेजात गेली, आबाजी थकले, नवी नववी आली, आणि आपण नारळावरच. शेवटच्या दिवशी, तो शेवटचा आहे हे कुणाला माहीत होतं, माझ्याकडे एक नवीन मुद्दा होता. सकाळपासून जुळवत होते. एसटीत चढले तर तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलेले. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. मला राग आला होता, सर, उगाच. इतका चांगला मुद्दा, आणि ऐकणारा झोपलेला. उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, झोपू दे. नाक्याला उतरताना तुम्ही डोळे चोळत म्हणालात, “आज भांडलो नाही आपण. तब्येत बरी आहे ना तुमची?” माझी.

काल मी तुमच्या घरी गेले होते. तेरवीला गर्दीत वहिनींशी बोलणं झालंच नव्हतं. इतकी वर्षं मी तुमच्या डब्यातली त्यांच्या हातची झुणका-भाकर खाल्ली, पण त्यांना भेटले असेन तेवढी एखाद-दुसऱ्या लग्नात. मला वाटलं होतं, काय बोलावं ते सुचणार नाही. त्या वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मला पाहून सरकून बसल्या आणि निम्म्या शेंगा माझ्यापुढे ढकलल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मॅडम, तुमच्यासंग बसून राहिली ना, तं मले असं वाटते का मी मलेच भेटून राहिली.”

मला कळलं नाही.

“तुम्हाले नाही सांगितलं त्यायनं? घरी मले बापट मॅडम बनवत. मी सैपाक करो, अन् ते तिथं दाराले टेकून उभे. म्हणत, तू बापट मॅडम हो, मी उद्याचा मुद्दा सांगतो, तू तोड. मी म्हणो, मले कुठं विज्ञान येते? तं म्हणत, विज्ञान नाही लागत, फक्त हट्ट कर.”

मी किती दिवसांनी इतकी मोठ्यानं हसले, सर. वहिनीही हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, “सुरुवातीले करमणूक म्हणून करो. मग मले तुमचंच पटाले लागलं. तो नारळाचा वाद आहे ना, त्यात तं ते हरले मॅडम.”

“हरले?”

“हो न. मले म्हणे, म्हातारा दुखावला हे खरं. पण ते पोरगी सवाल घेऊन परत आली. परीक्षा नसती झाली तं तिले तो सवाल पडलाच नसता. बापट मॅडम बरोबर आहे. मी म्हटलं, मग सांगून द्या ना त्यायले, काहून दोन वर्षापासून जीव खाऊन राहिले बिचारीचा? तं म्हणे, काही नको सांगू. मी मानलं म्हटलं तं त्या बसमधी पुस्तक वाचत बसन.”

मी शेंगेचे दोर काढत राहिले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. सर, हे काही बरं केलं नाहीत. मी दोन वर्षं मुद्दे जुळवत होते, आंघोळ करताना, पेपर तपासताना, आणि तुम्ही कधीच हरून बसला होता. मला जिंकूही दिलं नाहीत.

आणि मग, का कोण जाणे, मी म्हणाले, “नाही वहिनी. सरांनी मानायला नको होतं. त्यांचीच बाजू बरोबर होती. आम्ही त्या पोरांना ड्रम समजावले, चादरी समजावल्या, नाणं समजावलं. हरलेल्या माणसाकडे कसं पाहायचं, ते नाही समजावलं. तो धडा आधी घ्यायला हवा होता.”

सर, हाच तो मुद्दा. एसटीत तुम्हाला सांगायला निघाले होते तो.

वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली. पाठ ताठ केली. आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच तोंड आरशात दिसल्यासारखं झालं.

“असं कसं मॅडम? अन् ज्याची बोअर कोरडी जाते त्याचं काय? त्याच्याकडं कसं पाहाचं, ते कोनी शिकवलं? तो घरी येऊन जेवत नाही, बायकोसंग बोलत नाही, तेव्हा कोन हासते, कोन रडते, पाहाले जाते का कोनी? एका म्हाताऱ्याले वाईट नको वाटाले, म्हणून दहा घराइले कोरड्या जागी खोदू द्याचं?”

मी म्हटलं, “खोदू द्यायचं असं कोण म्हणतं? मी म्हणते, सांगायची पद्धत...”

“पद्धत पद्धत काय करून राहिल्या! पद्धत शोधत बसाल, तवरोक उन्हाळा निघून जाईन!”

आमचा आवाज चढला असणार. शेजारच्या बाई दारात आल्या, डोक्यावर पदर, चेहरा घाबरलेला. दुःखाच्या घरात हे काय चाललंय म्हणून एकदा वहिनींकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागल्या. वहिनींनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“काही नाही वं बाई, भांडून राहिलो. तू चहा ठेव, हे लवकर नाही संपत.”